हिरवी रेघ

“अंधार करा रे, अंधार! एक फट राहिली तरी तास घेणार न्हाई मी!”

सर ओरडत होते. सेनगावच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि मी शेजारच्या वर्गात मराठी. त्यांचा आवाज असा, की रस्त्यावरचे जीपवाले भरदुपारी न लावलेले हेडलाईट विझवत. खोटं वाटत असेल तर जवळच्या गोरेगावच्या कुठल्याही जीपवाल्याला विचारा. तोही खोटंच सांगेल.

खिडक्यांना पोती लागली की सर आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी चालू करत. तिला वीज पुरवणारी कॉईल गुणगुणायची आणि नळीत एक हिरवी रेघ उमटायची. सर तिच्याजवळ चुंबक नेत. सुलटं धरलं की रेघ खाली वाकायची, उलटं धरलं की वर. सर कायम सुलटंच धरत.

“नुसता उजेड चुंबकाला भीक घालत न्हाई,” ते म्हणत. “ही घालून राहिली. मंजी हिच्यात कण हायेत. इलेक्ट्रॉन असेच सापडले, वाकले म्हणून.”

एकदा प्रदर्शनासाठी ती नळी हिंगोलीला न्यायची होती. एसटीत खिडकीची जागा शाल पांघरलेल्या नळीला, सर उभे. कंडक्टरनं तिला “मावशी, सरका जरा” म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय.

मग सरांना काचबिंदू झाला. आधी फळा गेला, मग पोरांची तोंडं, मग स्वतःचा हात. अंधारात ती रेघ तेवढी दिसायची. “ती दिसून राहिली तोवर मी आंधळा न्हाई,” ते म्हणत.

निवृत्ती जवळ आली आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या साहित्याची पूजा व्हायची. आमच्या शिपाईमामांनी मोठ्या मायेनं नळीला पहिला मान दिला, हळदकुंकू वाहिलं आणि तिच्यापुढं नारळ फोडला. करवंटीची कपची उडाली. नळीला केसाएवढी चीर गेली, हवा आत शिरली, रेघ मेली.

मामा रडले. सरांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. शेवटच्या तासाआधी मामांनी पोरांपुढं हात जोडले. “सरांनी इचारलं तर खाली वाकली म्हणा, लेकरांनो.”

मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. कॉईल गुणगुणली. नळीत मिट्ट काळोख. सरांनी चुंबक धरलं.

“वाकली का?”

“व्हय सर, खाली वाकली.”

 सरांचं गप्प बसणं मी पहिल्यांदा ऐकलं. रेघ जागेवर आहे असं पोरंच सांगत होती. म्हणजे गेले ते आपले डोळे, असंच त्यांना वाटणार. हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग चुंबक पुन्हा धरून त्यांनी विचारलं, “आता?”

“खाली, सर.”

“बराबर,” म्हणाले आणि चुंबक खिशात टाकलं.

सरांना जाऊन आता वर्ष होईल. मामा अजून ती नळी पुसतात. तो शेवटचा तास झाल्यावर मी सरांना हाताला धरून स्टँडवर नेत होतो. धीर द्यावा म्हणून म्हणालो, “सर, डोळ्यांचं मनावर घेऊ नका.”

“दुसऱ्या खेपेला चुंबक उलटं धरलं होतं मी,” सर म्हणाले.