मोरी यादीत नाही

आमच्या घरात शिरायला पूर्वी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढाव्या लागत. आता एक उतरावी लागते. घर खचलेले नाही, रस्ता वर आला. दर चतुर्थीच्या तोंडावर डांबराचा नवा थर घालायचा आणि खालचा जुना खरवडायचा नाही, ही इथली रीत. न धुतलेल्या अंगावर नवा सदरा चढवतात तसे.

मी चौथी शिकलेली, पण डिचोली-साखळी रस्ता मला पाठ आहे. अर्धे आयुष्य रस्त्याच्या गँगवर गेले. खड्डा आधी चौकोनी कापायचा, झाडायचा, सुकवायचा, मग डांबर. मे महिन्यात गटारे आणि मोऱ्या उपसायच्या. आमचा मुकादम म्हणायचा, "रस्ता ट्रक मोडत नाहीत, पाणी मोडते." दारुडा होता, पण एवढे खरे बोलला.

आमच्या दारासमोरच रस्त्याखालून मोरी जाते. घरामागच्या डोंगराचे पाणी तिच्यातून पलीकडच्या शेतात जायचे. तिच्यात मी कमरेपर्यंत उतरून गाळ काढला आहे. दोन वर्षांपूर्वी रस्त्याची बाजूपट्टी रुंद करताना तिची दोन्ही तोंडे मातीखाली गाडली. त्या जुलैत पाणी अंगणात तुंबले आणि घरात आले. आमच्या भिंती मातीच्या. पुढची भिंत फुगली. गवंड्याने हात लावून सांगितले, अजून एक पावसाळा असाच गेला तर ही राहायची नाही.

पाऊस संपल्यावर एक पांढरी गाडी आली, टपावर कॅमेरे लावलेली. आत ड्रायव्हर आणि एक कोवळा इंजिनियर. पुढे गुरे आडवी आली म्हणून थांबली. मी काचेपाशी गेले.

"काय मोजता?"

"रस्त्याची तब्येत, आजी. खड्डे, भेगा, सगळे कॉम्प्युटरात जाते."

"आणि मोरी?"

त्याने मांडीवरच्या पडद्यावर बोट फिरवले. "इथे मोरी नाही."

"तुझ्या चाकाखाली आहे."

"यादीत नाही, आजी. यादीत नाही तिची दुरुस्ती कशी करणार?"

"मग माझ्या सोप्यात आलेले पाणी तरी यादीत घाल."

ड्रायव्हर हसला. इंजिनियर हसला नाही आणि खालीही उतरला नाही. दरवाजा उघडून चार पावले चालला असता तर मोरीचे तोंड कुठे गाडले ते मी दाखवले असते. पण डोळ्यांचे काम कॅमेऱ्याला दिल्यावर पायांनी कशाला त्रास घ्यावा? आमच्या तुकड्याला त्याने 'चांगला' लिहिले. चांगलाच तो. डांबर ताजे होते.

मे महिन्यात मी कुदळ काढली. सून साखळीला शाळेत कारकून आहे. ती म्हणाली, "आई, सरकारी जागा आहे. कोणी तक्रार केली तर?"

"करू दे. तक्रार बघायला तरी गाडीतून उतरतील."

ती पुटपुटली, पण सुट्टी होती, पदर खोचून आली. पहिल्या दिवशी नुसती माती आणि दारूच्या बाटल्या. दुसऱ्या दिवशी मोरीच्या तोंडाचा चिरा लागला. मग पलीकडचे तोंड. तिथे ठेकेदाराच्या माणसांनी फुटके पिंप कोंबले होते. ते ओढून काढताना सुनेने त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ती इतके बोलू शकते हे मला माहीत नव्हते.

त्या पावसात पाणी मोरीतून शेतात गेले. भिंत उभी आहे. फुगलेली आहे, पण उभी आहे.

दिवाळीनंतर तोच इंजिनियर आला. या वेळी उतरला. बरोबरच्या माणसाने चिऱ्यांना पिवळा रंग फासला आणि वर नंबर लिहिला.

"आजी, तुमची मोरी यादीत आली. शेरा 'सुस्थितीत' दिला आहे."

"मग मे महिन्यात उपसायला कोण येणार?"

"सुस्थितीत आहे ना. आता काही वर्षे हिच्याकडे बघायला नको."

मी त्याला चहा विचारला नाही. कुदळीचा दांडा सैल झाला होता, तो त्याच दिवशी सुनेकडून ठोकून घेतला.