वेशीवर अडवलेली वाट

अर्धा डोंगर चढून झाला तेव्हा आजी भातखाचराच्या बांधावर टेकली. नाइयुननं पाण्याची बाटली पुढे केली.

"केवढा दम लागलाय तुला! गाडीनं आलो असतो की."

"गाडीतून आलेल्या पाहुण्याला कोण गं अडवणार?" आजी हसली.

गावातले बाकीचे गाणारे पुढे निघून गेले होते, सगळे साठीच्या पलीकडचे. शेजारच्या गावानं गाण्यासाठी बोलावलं होतं. पहिलं नातवंड झालं की दक्षिण चीनच्या डोंगरातल्या या दोंग लोकांत आजीचं स्वतःचं नाव मागे पडतं, त्यामुळे शी पेइहुआ या आजीलाही अख्खं गाव 'नाइयुनची आजी' म्हणे. आणि ही नाइयुन मात्र सातव्या वर्षीच आईबापांबरोबर दूर ग्वांगझोउ शहरात गेलेली, आता सुट्टीपुरती आलेली. बोली समजायची, जिभेवर यायची नाही. गाणी कुणी लिहून ठेवली नव्हती. गावाची होती नव्हती ती सगळी आजीच्या गळ्यात, आणि तो गळा या थंडीपासून बसत चालला होता. सकाळी निघताना तिनं गाव राखणाऱ्या देवीच्या, आदिआजीच्या ठाण्यावर चहा वाहिला, डोळे मिटून काही मागितलं. काय, ते बोलली नाही.

वेशीत बांबू आडवा बांधलेला, त्याच्यापुढे चरखा आणि टोपल्या. पलीकडून निळ्या चकचकीत कपड्यांतल्या बायकांनी गाण्यातून सवाल टाकला. पाहुण्यांनी गाण्यातच उत्तर द्यायचं, मग एकेक वस्तू निघायची; अशी वाट अडवणं हाच पाहुण्यांचा मान. आजीचे पाय थरथरताहेत हे पाहून नाइयुन पुढे झाली आणि तिनं चरखा उचलून सरळ बाजूला ठेवला.

मग जो हशा पिकला!

"अगंबाई, हमाल घेऊन आलात की तुम्ही!" पलीकडची एक म्हातारी म्हणाली. "नाइयुनची आजी, पोरगी कुणाची ही?"

"हिच्याच नावानं मला हाका मारतेस की गं भवाने!"

चरखा पुन्हा जागेवर आला. नाइयुनचे कान तापले. "आजी, तू गा ना."

"चरखा तू उचललास. तूच गा."

आजी तिच्या कानाशी एकेक ओळ सांगू लागली, फुंकरीएवढ्या आवाजात. नाइयुन गायली. सूर घसरला, तिनं पुन्हा धरला. मागच्या म्हाताऱ्यांनी खालचा लांब सूर लावून तिला सावरलं. चौथ्या ओळीला पलीकडच्या बायकांनी आपण होऊन चरखा उचलला. पुढच्या ओळींना टोपल्या निघाल्या, शेवटी बांबू सुटला.

आत शिरताना आजीनं तिचं मनगट धरलं.

"गेल्या वर्षी हे लोक आपल्याकडे आले होते. अडवायला वेशीत आपली एक पोर नव्हती. बिचारे घटकाभर तिष्ठले, मग मुकाट्यानं आत आले. मला मान वर करवेना. यंदा कापणीनंतर पुन्हा येतील. तू महिनाभर आधी ये. मी शिकवीन, जेवढं गळ्यात उरलंय तेवढं. सुट्टीचं तुझं तू बघ. पण ये बाई, आणि आपल्या वेशीत उभी राहून त्यांना अडव."