केनेल्वे खाणीत उतरली तेव्हा

लेबोना म्हाताऱ्याला केनेल्वेबद्दल खरं तर फारच थोडं ठाऊक होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमच्या सोन्याच्या खाणीत तो कामगारांना दोरावरच्या लोखंडी पाळण्यातून खाली पोचवायचा. तिला त्याने एकदाच नेलं.

त्या सकाळी कचेरीतल्या गोऱ्या साहेबाने, झाडणारी समजून, तिच्या हातात झाडू दिला होता. ती दगडांची शास्त्रज्ञ आहे हे कळल्यावर तो हसून म्हणाला, "मग दगड वरच मागवा की!" पण खडकाचे थर तिने स्वतः पाहिले नाहीत, तर तिचं संशोधन दुसऱ्या कुणा गोऱ्याकडे जाणार होतं.

पाळण्यापाशी तिचेच लोक, काळे खाणकामगार, आडवे आले. बाई खाणीत उतरली की छत कोसळतं, अशी त्यांची जुनी समजूत.

"ताई, घरी जा. आम्हाला बायकापोरं आहेत!"

"साहेबाला माझा रंग खुपतो, तुम्हाला माझं बाईपण. मी जाऊ तरी कुठे?"

लेबोनालाही भीती वाटत होती. पण दगडात हिला एवढं काय पाहायचंय, हे कुतूहल भीतीला पुरून उरलं. त्याने दार उघडलं. "तुम्ही पुढच्या खेपेला या रे. मेलो तर आम्ही दोघंच मरू."

खाली तिने भिंतीवर पाणी मारलं, दिवा जवळ धरला आणि खडकात रुतलेल्या गुळगुळीत गोट्यांवरून बोट फिरवलं. "बाबा, इथे कधीकाळी नदी वाहत होती."

लेबोना छताकडे बघायचं विसरला.

थर टिपून झाल्यावर दोघं सुखरूप वर आली. पाळण्याच्या बुटक्या दाराशी लेबोना म्हणाला,

"पोरी, डोकं सांभाळ."

"हो बाबा. जेवलात का?"

"अजून नाही."