भिंतीकडची कोठी

माझ्या घरात आठवड्याच्या वर ज्वारी नसते. संपली की आणते. अचानक पाहुणे आले तर शेजारणीकडून तांब्याभर पीठ मागून आणते, आणि मागताना मला तिळभर लाज वाटत नाही. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "संसार हाय, चार पायल्या तरी शिलकीत असाव्यात गं." त्यांचं बरोबरच होतं. पण साठवलेलं धान्य दिसलं की माझं डोकं फिरतं, त्याला मी काय करू? ज्या घरात मी वाढले तिथं साठवण मालकीण होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे राबायला ठेवलेले.

आमचं घर शाहूपुरीत, दुकानांच्या मागच्या गल्लीत. तीन खोल्या. त्यातली आतली आमच्यासाठी नव्हतीच. ती संकटासाठी राखून ठेवलेली होती. रॉकेलचे डबे, पत्र्याच्या डब्यात मेणानं बंद केलेल्या काड्यापेट्या, मेणबत्त्या, गुळाचे रवे, खडेमिठाची बरणी, शेणींची चळत, दोरखंड. एक बॅटरीही होती. तिचे सेल गळू नयेत म्हणून आबांनी ते वेगळे काढून ठेवले होते, आणि कुठे ठेवलेत ते ऐनवेळी कुणालाच आठवत नसे. आणि ओळीनं तीन पत्र्याच्या कोठ्या. एक दाराजवळची, एक मधली, एक भिंतीकडची. खोलीला कुलूप, आणि किल्ली माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या करगोट्याला.

आबा एका कचेरीत कारकून होते. साधा, निर्व्यसनी माणूस. कुणाला वाईट बोलले नाहीत, कुणाचं वाईट केलं नाही, असं लोक अजून म्हणतात. "तहान लागल्यावर विहीर खणणारे आपण न्हवं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लहानपणी रेशनच्या रांगेत उभं राहून ते रिकामी पिशवी घेऊन घरी आले होते आणि त्या रात्री घरात चूल पेटली नव्हती, असं आत्यानं मला पुढे सांगितलं. सांगताना ती रडली. मला रडू आलं नाही. कारण कळलं म्हणून राग जातो असं थोडंच असतं!

लढाईच्या वेळी खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावायचा हुकूम निघाला. सगळ्या गल्लीनं लावले, आम्हीही लावले. लढाई थांबली, सगळ्या गल्लीनं काढले. आमचे तसेच राहिले. "परत लावत कोण बसंल?" आबा म्हणाले. पुढे दुसरी लढाई झाली तेव्हा आमचे कागद तयारच होते, आणि आबांनी गल्लीकडे असं बघितलं की जणू लढाई त्यांनीच जिंकली. मधली सगळी वर्षं आम्ही भरदुपारी दिवा लावून अभ्यास केला.

कोयनेच्या भूकंपात घर हाललं तेव्हा आबा अंगणात सगळ्यांत आधी पोचले. पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा कमरेची किल्ली चाचपली आणि मग आम्ही आलोय का ते बघितलं. आई हसत म्हणाली, "किल्ली हाय न्हवं जाग्यावर? मग झालं." तेव्हा मलाही हसू आलं होतं.

पण खरी गोष्ट ज्वारीची.

आई मुरगूडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या माहेरी नवी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मळून घरात आली की पहिली भाकरी देवापुढे, दुसरी गाईला आणि मग ज्यानं त्यानं पोटभर. नव्याचं कौतुक नव्यानंच करायचं, असं ती म्हणायची. लग्नात आजोबांनी तिला शब्द दिला होता की दरसाल तिच्या वाट्याचं एक पोतं पोचतं होईल. आजोबा गेले तरी मामानं तो शब्द पाळला. शिमगा झाला की तो एसटीच्या टपावर पोतं टाकून यायचा, स्टँडवरून ते खांद्यावर घेऊन घरी आणायचा, दारात उतरवायचा आणि घाम पुसत हाक मारायचा, "अक्काऽ, ह्ये घे तुझं."

आई पोत्याची शिवण उसवायची. हात कोपरापर्यंत आत घालायची, मूठभर दाणे काढून त्यांचा वास घ्यायची. पांढरेशुभ्र, टपोरे दाणे. दोन दाणे तोंडात टाकायची. तेवढीच तिची नवी ज्वारी.

कारण दुसऱ्या दिवशी आबांचा कोठ्या पालटायचा कार्यक्रम असे. नियम असा, की जुनं आधी संपवायचं आणि नवं संकटाला ठेवायचं. दाराजवळच्या कोठीतलं आम्ही खायचं. ती संपत आली की मधल्या कोठीतलं तिच्यात ओतायचं, भिंतीकडचं मधल्या कोठीत, आणि मामानं आणलेलं नवं भिंतीकडच्या कोठीत. वर कडुलिंबाचा पाला, राख, झाकण, वर पाटा. आम्ही दिवसभर शिंकत घमेली उचलायचो. म्हणजे मामाची ज्वारी आमच्या ताटात यायची ती दोन वर्षं कोठ्यांतून फिरून, तिच्यातला जीव गेल्यावर. आणि ती खात असताना भिंतीकडे चांगली ज्वारी जुनी व्हायची वाट बघत बसलेली असायची. कचेरीत हिशेबाला पक्का असलेल्या माणसाला एवढं कळू नये, की या नियमानं आपल्या घरात कधीच कुणाला चांगलं खायला मिळणार नाही?

जुन्या पिठाला विरी नसते. म्हणजे चिकटपणा. थापायला घेतली की भाकरी कडेनं फुटते, उचलली की हातात तुकडे. आई त्यात उकळतं पाणी ओतून मळायची, मळून मळून तिचे तळवे लाल व्हायचे. त्याआधी पोरकिडे चाळायचे, पीठ उन्हात ठेवायचं. एवढं करून पिठाचा कडू वास जात नसे. शाळेत मैत्रिणी डबा उघडायच्या तेव्हा त्यांच्या भाकरीचा वास वेगळा का येतो, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

पुढच्या साली मामा आला की जेवायच्या आधी विचारायचा, "अक्का, गेल्या साली दिल्याली शाळू कशी लागली? गोड हुती न्हवं?"

"गोड हुती की," आई म्हणायची.

दरसाल हेच विचारायचा, दरसाल ती हेच सांगायची. मामा आलेल्या दिवशी ती भाताचाच बेत करायची. भावाच्या ताटात ती भाकरी जाऊ नये म्हणून. त्याला वाटायचं, शहरात आल्यावर बहिणीला भाताची सवय लागली.

दुष्काळ पडला. रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी, मिलो आली, तिची भाकरी घशाखाली उतरेना. आई म्हणाली, "अवो, आता तरी काढूया की भिंतीकडची." आबा म्हणाले, "ही तर सुरवात हाय. खरं म्होरंच हाय." म्हणून आम्ही मिलो खाल्ली. दुष्काळ संपला तेव्हा ते म्हणाले, "बघ, निभावलं का न्हाय?" जे येईल ते संकट त्यांना लहानच वाटायचं. त्यांच्या मनातलं संकट कधी आलंच नाही.

एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं, तिथली माणसं शाळेत आणून बसवली. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं. आबा सकाळपासून पायरीवर उभे. नळाला पाणी नव्हतं, पण आमच्या घरात घागरी, बादल्या, पिंप, सगळं तुडुंब. आबांच्या तोंडावर मी इतका उत्साह कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी पाणी मागे फिरलं आणि त्यांचा चेहरा पडला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. शाळेतल्या माणसांसाठी घरोघरच्या बायका भाकऱ्या करून देत होत्या. आईनं किल्ली मागितली. आबांनी स्वतः कुलूप उघडून दाराजवळच्या कोठीतली ज्वारी काढून दिली. आईनं त्या भाकऱ्या केल्या आणि शाळेत पोचवायला मात्र गेली नाही. मलाच पाठवलं. "माझ्यानं त्यांच्याकडं बघवायचं न्हाय," म्हणाली.

मग माझं लग्न होऊन मी हातकणंगल्याला गेले. सासरी पहिल्या दिवशी भाकरी थापायला बसले आणि पीठ हाताखाली असं सरकलं की मी दचकलेच. भाकरी टम्म फुगली. सासूबाई म्हणाल्या, "हात चांगला हाय पोरीचा." हात कसला, पीठ चांगलं होतं. मी पहिला घास खाल्ला आणि मला आईची आठवण येऊन इतका संताप आला की पाणी प्यायचं निमित्त करून मी उठले.

काही वर्षांनी आईच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. मी माहेरी येऊन राहिले. तिला काही पचत नव्हतं, पेज द्यावी तरी बाहेर. एके सकाळी मात्र ती आपणहून म्हणाली, "नव्या शाळूची भाकरी दुधात कुस्करून खावी वाटाय लागलीया. मामानं आणल्याली हाय न्हवं यंदाची?"

उभ्या आयुष्यात आईनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

मी आबांकडे किल्ली मागितली. ते म्हणाले, "मधली कोठी संपायची हाय अजून. पावसाळा तोंडावर आलाय."

"आबा, तिला खावी वाटतीया. एक भाकरी."

"बाजारातनं आण की. नवी मिळती."

"तिला माहेरची पायजे. भरल्या घरात आई मरायला लागलीया, ह्याच्यापरास मोठी अडचण कुठली येणार हाय?"

आबा चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत, तेच तर वाईट होतं. पोराला गणित समजावून सांगावं तसं म्हणाले, "आजारपण येगळं, पोरी. आजारपण माणसाचं असतंय. अडचण घराची असतीया."

मी बत्ता उचलला आणि कुलपाकडे निघाले. आईला खाटेवरून दिसलं असावं. "ए, ठेव त्यो," ती म्हणाली. "माझ्यापायी घरात तमाशा नको. भूक न्हाय मला."

शेवटी काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी मंडईच्या बाजूला जाऊन नवी ज्वारी आणली, दळून आणली, भाकरी केली, दुधात कुस्करली. आईनं एक घास तोंडात घेतला. बराच वेळ घोळवला. मग वाटी बाजूला सारली. "चांगली हाय," ती म्हणाली, "पर आपली न्हवं." त्यानंतर तिनं खायला काही मागितलं नाही. पाऊस लागायच्या आधीच ती गेली.

रक्षाविसर्जनाला मुरगूडकडून सगळे आले. तेवढ्या माणसांच्या जेवणाचं बघायला मामी स्वयंपाकघरात शिरली. तिनं पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, नाक मुरडलं आणि माझ्याकडं वळली. "ह्ये कसलं पीठ गं? ह्येची भाकरी खायाच्या वन्सं?"

मी म्हटलं, "व्हय."

मामीनं डब्याचं झाकण परत लावलं. मग पदर खोचून बाहेर सोप्यात गेली. आबा माणसांत बसले होते. तिनं सगळ्यांदेखत हात पुढं केला. "दाजी, किल्ली."

आणि आबांनी दिली! करगोट्यातून सोडवून मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवली. का, कशाला, एक शब्द नाही. पावसाळा नाही आणि मधली कोठी नाही. इतकं सोपं होतं ते. आजही मला आठवतं ते आईचं जाणं नव्हे, तो हात पुढं करणं आणि ती किल्ली पडणं आठवतं, आणि अंगाची आग होते.

मामीनं भिंतीकडच्या कोठीवरचा पाटा उतरवला, पाला बाजूला केला आणि दोन डबे भरून गिरणीत पाठवले. आम्ही दोघी भाकऱ्या थापायला बसलो. मी चुलीपुढं भाकऱ्या भाजत रडत होते, मामी थापता थापता शिव्या देत होती, कुणाला ते तिनं सांगितलं नाही.

पहिल्या पंक्तीला मामा आणि आबा समोरासमोर बसले. मामानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत न बुडवताच तोंडात टाकला. चावता चावता त्याचे डोळे भरून आले.

"अक्का खोटं न्हाय बोलायची," तो म्हणाला. "दरसाल सांगायची बघा दाजी, गोड हाय म्हणून."

आबांनी मान हलवली. त्यांनीही घास घेतला, सावकाश चावला. बरं वाटल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला.

"अडचणीला म्हणून ठेवलीवती," ते म्हणाले. "आली का न्हाय कामाला?"

मामी काही बोलेल म्हणून मी तिच्याकडं बघितलं. ती खाली मान घालून चुलीत शेणी सारत होती. दुसरी पंक्त बसायची होती, वाढणारे भाकऱ्या मागत होते. मी परातीतला पुढचा गोळा घेतला आणि थापायला लागले. पिठाला चांगली विरी होती. एकही भाकरी फुटली नाही.