अडीच हजार कॅलरींचे सोळाशे कसे झाले

ही हकिकत मी दहा वर्षं टाळली. वजन कसं उतरवलं हे शंभर जणांना सांगितलं, दवाखान्याच्या शिबिरात माईक हातात घेऊनसुद्धा. पण प्रत्येक वेळी अर्धंच सांगितलं. आज सदुसष्टाव्या वर्षी उरलेलं अर्धं लिहितो आहे.

चिंचवडच्या त्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "एचबीएवनसी आठ पॉइंट चार." म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, ती साडेसहाच्या पुढे गेली की मधुमेह. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे यकृतावर चरबी. "गोळ्या देतो, पण वजन उतरल्याशिवाय भागणार नाही. आहारतज्ज्ञांकडे जा."

मी छप्पन्न वर्षांचा, उंची पाच फूट पाच इंच, वजन अठ्ठ्याण्णव किलो. दोन जिने चढलो की बोलता येत नसे.

आहारतज्ज्ञ होत्या स्नेहल मॅडम, पंचविशीच्या. त्यांनी कागद पुढे ओढून मला गणित समजावलं. बीएमआर म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीर रोज जाळतं तेवढी ऊर्जा. वजन, उंची आणि वय यांवरून ती निघते. माझी सतराशेच्या आसपास आली. तिला कामाच्या आकड्याने गुणायचं: बैठं काम असेल तर एक पॉइंट दोन, अंगमेहनतीचं असेल तर जवळपास पावणेदोन. येईल त्यातून पाचशे वजा केले की रोजचं लक्ष्य मिळतं.

"काका, काम काय करता?"

शेजारी माझी बायको शोभा बसली होती. मी म्हणालो, "चाकणला फोर्जिंगमध्ये. तापलेलं लोखंड ठोकतो, हॅमरवर."

शोभा म्हणाली, "अहो मॅडम, यांच्यासारखा हॅमरवाला नाही कंपनीत! रोज शर्ट काळा करून येतात."

मॅडमनी पावणेदोनाने गुणलं. लक्ष्य आलं अडीच हजार.

खरी गोष्ट अशी होती. कंबर गेल्यामुळे कंपनीने सहा वर्षांपूर्वीच मला हॅमरवरून काढून टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं होतं. दिवसभर स्टुलावर बसून हातमोजे आणि मापाचे गेज द्यायचे, पाच वेळा चहा प्यायचा. पगार तोच होता, म्हणून घरी बोललो नाही. सुटायच्या वेळी शर्टाला मुद्दाम ग्रीस पुसायचो. शोभा ते घासून काढायची.

अडीच हजार कॅलरी मी मन लावून खाल्ल्या. भाकरीचं पीठ तोललं, तेल चमच्याने मोजलं, सगळं वहीत लिहिलं. तीन महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो तर एकशे दोन किलो. साखरही वाढलेली.

वेटिंग हॉलमध्ये वीस-पंचवीस पेशंट होते. त्यांच्यासमोर मी ओरडलो, "माणसं बरी करायला बसलात की मारायला? कुणी दिली तुम्हाला डिग्री?"

मॅडमनी वही चाळली. हळूच विचारलं, "काका, कामात काही बदल झालाय का?"

"माझ्या कामावर जाऊ नका!" म्हणालो आणि तक्रारवहीत पानभर लिहून आलो. पुढच्या आठवड्यात त्यांच्या टेबलापाशी कुणीच नव्हतं. त्या पुन्हा कामावर आल्याच नाहीत.

त्याच आठवड्यात मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. नाडी बघताना त्यांनी माझा तळवा उलटा केला. "हॅमरवाल्याचा हात एवढा मऊ? एकही घट्टा नाही?"

मी कबूल केलं. त्यांनी एक पॉइंट दोनने गुणून पाचशे वजा केले. सोळाशे. "नऊशे कॅलरी रोज जास्त खात होतात. चूक त्या मुलीची नव्हती. तिला सांगा."

मी मान हलवली. घरी जाऊन मात्र सांगितलं, "त्या बाईंचा हिशोबच चुकला होता. डॉक्टरांनी नवीन दिला."

सोळाशे मी सोडले नाहीत. पाच चहाचे दोन केले, तेही बिनसाखरेचे. रात्री एकच भाकरी, भाजी दुप्पट. मुठीतले शेंगदाणे मोजून पंधरा. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरलं तेव्हा काट्यावरून उतरून पुन्हा चढून पाहिलं. सहाव्या महिन्यात पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. मग भोसरीच्या बसस्टॉपपर्यंत चालत जाऊ लागलो.

दीड वर्षाने वजन ऐंशी, एचबीएवनसी पाच पॉइंट नऊ. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आणि उठून हात मिळवला. दुर्गा टेकडी न थांबता चढलो. वर शोभाच माझ्या मागे धापा टाकत म्हणाली, "थांबा की हो जरा! लग्नात तरी एवढे बारीक होतात का?" तेवढा मी आयुष्यात कधी हसलो नसेन.

तुमच्यापैकी कुणाला असा आकडा काढून घ्यायचा असेल, तर एवढंच ऐका. आज जे काम करता ते सांगा. पूर्वी करत होतो ते नको, लोकांना वाटतं ते नको. शरीर फक्त आजचंच काम मोजतं.

गेल्या महिन्यात शोभाला सगळं सांगितलं. ती गवार निवडत होती. म्हणाली, "मला ठाऊक होतं. हॅमरवाल्याच्या शर्टाला ठिणग्यांची भोकं पडतात. तुमच्या शर्टाला सहा वर्षांत एक नाही पडलं."

"मग मॅडमपुढे तसं का बोललीस?"

"तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. कामाने गणितात एवढा फरक पडतो हे मला काय माहीत?" मग गवार बाजूला ठेवून म्हणाली, "त्या पोरीचं मात्र वाईट केलंत."

संधी मिळाली नाही, असं म्हणता येत नाही. वजन उतरल्यावर एकदा काळेवाडीत औषधांच्या दुकानात मॅडम भेटल्या. त्यांनीच ओळखलं. "काका, किती छान दिसताय! कसं जमवलंत?" मी म्हणालो, "नंतर डॉक्टर चांगले मिळाले." त्या हसल्या, "छान झालं," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन गेल्या. त्यानंतर कुठे दिसल्या नाहीत. दवाखान्यातही कुणाला पत्ता माहीत नाही.

त्या दिवशी काउंटरपाशी मला म्हणायचं होतं: स्नेहल मॅडम, तुमचं गणित बरोबर होतं. काम मी खोटं सांगितलं. पंचवीस माणसांसमोर तुमचा अपमान केला आणि खरं कळल्यावरही गप्प राहिलो. मला माफ करा.