सात मिनिटं पुढे

१४ जुलै, रविवार. फोनमध्ये बरोबर वेळ दाखवणारं काहीतरी हवं होतं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्याचे नंबर दर सोमवारी आठ वाजता ऑनलाइन सुरू होतात आणि पाच मिनिटांत संपतात. एका डोळ्याने त्यांना दिसतच नाही, दुसराही चालला आहे.

मागच्या सोमवारी मी आठला बटण दाबलं. ‘अजून सुरू नाही’ असं आलं. चार वेळा दाबलं, मग साइट बंद पडली म्हणून आंघोळीला गेले. येईपर्यंत नंबर संपले होते.

धुळ्याहून मुलगी म्हणाली, “मम्मी, घड्याळाचं ॲप घे. मोठे सेकंद दिसतात.”

घेतलं. शंका नको म्हणून वेळ सांगणारी एक वेबसाइटही उघडली. दोन्हींत सात मिनिटांचा फरक. वेबसाइटवर सरळ लिहिलं होतं, तुमचं घड्याळ पुढे आहे. ॲप बिचारं फोनचीच वेळ दाखवत होतं.

फोन माझ्या नवऱ्याचा. सासूबाईंच्या केसपेपरवर त्यांचा मोबाइल नंबर आहे, म्हणून चालू ठेवलेला. दीपनगरला वीजकेंद्राच्या कॉलनीत असताना कामावरची बस चुकू नये म्हणून ते घरातली सगळी घड्याळं, फोनसकट, सात मिनिटं पुढे ठेवायचे. कॉलनीत बऱ्याच घरांत तसंच होतं. जळगावला राहायला आलो तरी घड्याळं तशीच राहिली आणि मी ते विसरूनही गेले.

ते गेले तेव्हा डॉक्टरांनी वेळ विचारली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सहा वाजून चार मिनिटं सांगितली. मृत्यूच्या दाखल्यावर तीच आहे. म्हणजे कागदावर ते सात मिनिटं जास्त जगले. त्या सात मिनिटांत मी काय करत होते, ते संध्याकाळभर आठवत बसले. आठवलं नाही.

“फोनची वेळ बरोबर करून टाकते,” मी म्हणाले.

“राहू दे माय,” सासूबाई म्हणाल्या. “त्याना टाइम शे तो.” त्यांच्या लेकाची वेळ होती ती.

सोमवारी सकाळी वेबसाइट समोर ठेवली, ॲप काढून टाकलं. आठच्या ठोक्याला बटण दाबलं. नववा नंबर मिळाला. काम झाल्यावर सासूबाईंना न विचारता फोनची वेळ मागे घेतली. ८:०९ चे ८:०२ झाले.

तीन मिनिटांनी नवऱ्याचा बसला निघायचा रोजचा गजर वाजला. त्या सकाळी तो जुन्या वेळेने एकदा वाजून गेलेला होता.

आतून सासूबाईंनी विचारलं, “निंघना का तो?”

“हो,” मी म्हणाले, आणि गजर कायमचा काढून टाकला.