एका किकची गाडी

तात्या घाडी रोज सकाळी आपली मोटरसायकल चाखून बघायचे. म्हणजे अगदी जीभ लावायचे नाहीत. मागच्या मडगार्डवरून उजव्या हाताचं बोट हळूच फिरवायचे, ते जिभेवर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि आमटीत मीठ पडलंय की नाही हे बघणाऱ्या बाईसारखा चेहरा करायचे. मग निकाल लागायचा. "खार नाय," किंवा "खार आसा." खार असल्याचा निकाल लागला की आमच्या परळच्या चाळीत जिन्याखालून दुपारपर्यंत घासलेटचा वास येत राही.

मी त्या चाळीत राहायला आलो तेव्हा म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. पहिल्याच सकाळी दात घासताना हा प्रकार पाहिला आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न तात्यांनी ओळखला. वरळीवरून खारं वारं रोज संध्याकाळी कसं निघतं, कुठल्या गल्लीतून आत शिरतं आणि रात्रभर आमच्या जिन्याखाली कसं मुक्कामाला असतं, हे त्यांनी मला पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "मास्तरा, समुद्र दिसणा नाय म्हणान तो नाय, असा समजू नको. लोखंडाक बरोबर कळता."

तात्या मिलमध्ये साचेखात्यात फिटर होते. साचा म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, आणि असे चाळीस साचे तात्यांच्या देखरेखीखाली होते. मी आलो तेव्हा संपाला दोन वर्षं होऊन गेली होती. मिलच्या फाटकाला कुलूप होतं, भोंगा बंद होता आणि तात्या मात्र पहाटे पावणेसहाला उठून, दाढी करून, पहिल्या पाळीला निघाल्यासारखे जिना उतरायचे. उतरून जायचे कुठे, तर जिन्याखाली. तिथे ती गाडी होती.

गाडी काळी, दोन सायलेन्सरची. त्यांच्या खात्याचे जुने मास्तर, म्हणजे खात्याचे साहेब, नोकरी सोडून मुलाकडे परदेशी गेले, जाताना ती तात्यांना देऊन गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांत संप झाला. संपाच्या आदल्या दिवशी सगळे हात धुऊन घरी निघाले तेव्हा तात्या मागे राहिले होते. आठ-पंधरा दिवस साचे बंद राहिले तर गंज धरेल म्हणून चाळीसच्या चाळीस साच्यांना त्यांनी बोटभर जाडीचं ग्रीस फासलं आणि मगच फाटकाबाहेर पडले. घरी येऊन बायकोला, सुशीलाकाकींना, सांगितलं, "भोंगो वाजलो काय पहिल्या पाळीक गाडीन जातलंय. एका किकमध्ये." आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं ठरवून टाकलं.

मिल आमच्या चाळीपासून पायी सात मिनिटांवर होती. मी घड्याळ लावून चाललो होतो.

पण 'एका किकमध्ये' हे शब्द तात्यांनी फार मनावर घेतले. भोंगा कधीही वाजेल, तेव्हा गाडी तयार पाहिजे. मग सोमवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे. मंगळवारी चेन काढून घासलेटमध्ये बुडवणे. बुधवारी सायलेन्सरच्या नळ्या उतरवून आतला कार्बन खरवडणे, ज्या गाडीच्या इंजिनाला आठवड्यातून पाच मिनिटंच काम होतं तिच्यात कार्बन यायचा कुठून, हे मला कधी कळलं नाही. हँडलच्या चकाकीवर गंजाचा ठिपका दिसला तर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद पाण्यात भिजवून त्याने घासायचा. तात्या स्वतः विडीलाही शिवत नसत, पण कोपऱ्यावरचा पानवाला त्यांच्यासाठी चांदीच्या कागदांची चळत बाजूला काढून ठेवायचा. स्टँडचे पाय ओल्या फरशीला लागू नयेत म्हणून खाली मिलमधले दोन जुने लाकडी धोटे, ज्यांतून मागावर बाण्याचं सूत धावतं ते. एकदा तर चेनच्या सांध्यासांध्यात ग्रीस मुरावं म्हणून ती त्यांनी स्टोव्हवर ग्रीसमध्ये उकळली. पातेलं काकींचं होतं. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, आज काय शिजतंय, आणि काकींनी खालूनच सांगितलं की यजमान शिजताहेत.

रविवारी सकाळी सात वाजता चाचणी. तात्या खाकी सदरा घालून खाली येत. अख्खी चाळ गॅलरीत. तात्या हात जोडत, किक मारत आणि गाडी जागच्या जागी सुरू होई. पाच मिनिटं चाळ धुरात बुडायची, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला जायचे. पहिल्या किकमध्ये सुरू झाली नाही तर तात्या त्या दिवशी मासे खात नसत. मालवणी माणसाने रविवारी मासे सोडायचे, म्हणजे केवढं प्रायश्चित्त ते ज्याचं त्याने समजावं.

तात्यांचं एक वाक्य आमच्या चाळीत म्हणीसारखं झालं होतं. "लोखंडाचो वैरी पाणी, माणसाचो वैरी रिकामपण." हे म्हणताना त्यांचे हात कधी थांबलेले नसत. मला सुरुवातीला गंमत वाटायची. पुढे पुढे ते वाक्य ऐकलं की हसू यायचं नाही, कारण त्या चाळीत रिकामपणाने खाल्लेली बरीच माणसं मी तोवर पाहिली होती. तात्या तसे झाले नाहीत ते त्या गाडीमुळे, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पण याची दुसरी बाजू सुशीलाकाकींच्या गुडघ्यांना माहीत होती. संप लांबला तसे काकींनी जेवणाचे डबे सुरू केले. जवळच्या हॉस्पिटलातली नर्समंडळी, दादरच्या दुकानांतले नोकर, असे वाढत वाढत बावीस डबे झाले. तात्या आळशी नव्हते, दोन पिशव्यांतली जड पिशवी तेच उचलायचे. पण पायी. रोज साडेअकराला नवरा-बायको डबे घेऊन जिना उतरत, त्या चकचकीत मोटरसायकलला वळसा घालत आणि दादरपर्यंत चालत जात. हे दृश्य बघून मला हसावं की रडावं कळायचं नाही.

एकदा काकींनी माझ्यादेखत विषय काढला. गुडघा शेकत बसल्या होत्या.

"गाडी दारात आसा आणि माझे गुडघे चलले."

"ती मिलची गाडी," तात्या म्हणाले.

"आणि मिल खय आसा?"

तात्यांनी प्लग हातात घेऊन उजेडाकडे धरला. मी मास्तरकी करायला गेलो, म्हटलं तात्या, वापरातली गाडी गंजत नाही, उभी राहिलेली गंजते. ते शांतपणे म्हणाले, "फळ्यावरचा तुका वाचूक येता. आता लोखंड वाचूक शिक." पुढे मी त्या विषयाला हात घातला नाही. गाडी डब्यांना लावणं म्हणजे मिल उघडणार नाही हे कबूल करणं, एवढं लोखंड मलाही वाचता येत होतं.

अशातच चाळीत मासळी घेऊन येणाऱ्या वरळी कोळीवाड्याच्या हिराबायने तात्यांना एक गुपित सांगितलं. त्यांच्या होड्या वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहतात त्या काय ग्रीसवर? होडीच्या लाकडाला मुशी माशाचं तेल पाजतात. तात्यांनी रात्रभर विचार केला. लाकडाला चालतं ते लोखंडाला का चालू नये? चार दिवसांनी हिराबायने डबाभर तेल आणून दिलं आणि तात्यांनी मडगार्डच्या पोटापासून चाकांच्या आऱ्यांपर्यंत, बोट शिरेल तिथे सगळीकडे ते माखलं.

गंज थांबला. खरोखर थांबला, याला मी साक्षीदार आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर तीन मांजरं होती, आठवडाअखेर अकरा. परळमधलं एकही मांजर मागे राहिलं नसावं. सीटवर, टाकीवर, हँडलवर ती बसायची आणि चाकं चाटायची. चाळ कमिटीची बैठक बसली. वास, केस आणि रात्रीचं भांडण असे तीन मुद्दे मांडले गेले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की मांजरं आल्यापासून चाळीत उंदीर उरलेले नाहीत, हे इतिवृत्तात लिहा. ते खरं होतं, त्यामुळे बैठक मोडली. त्यानंतर सकाळचा कार्यक्रम एवढाच बदलला की आधी मांजरं उठवायची आणि मग खार चाखायचा.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, माझ्या मुलीला मांजराचा पहिला ओरखडा त्याच गाडीजवळ मिळाला. काकींचे डबे तीसवर गेले, गुडघे दोन्ही गेले. आणि एका सकाळी पहिल्या मजल्यावरचा गणपत धावत आला. मिलचं फाटक उघडलंय, आत माणसं गेलीत, असं त्याने सांगितलं.

तात्या दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी खाकी सदरा चढवला. मी शाळेला निघालो होतो, पांढऱ्या पँटमध्ये. "मास्तरा, बस मागे," म्हणाले, "साक्षीक कोणतरी व्हयो." मी सीटकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं आणि बसलो. तात्यांनी हात जोडले, किक मारली. एक. गाडी सुरू झाली. काकी गॅलरीत झारा हातात घेऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांनी ती गाडी जिन्याखालून निघाली आणि मागे आठ-नऊ मांजरं गल्लीच्या तोंडापर्यंत धावत आली.

मिलचं फाटक आलं. तात्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. तात्यांनी पुन्हा दाबला. इतकी वर्षं मुरलेलं मुशीचं तेल ब्रेकच्या पोटात उतरलं होतं, आणि उभ्या गाडीला ब्रेक लागतो की नाही हे तपासायची वेळ कधी आलीच नव्हती. आम्ही फाटकासमोरून, कामगारांना हात करत असल्यासारखे, सरळ पुढे गेलो आणि दोन सिग्नल ओलांडून चढावर आपोआप थांबलो. तिथून गाडी ढकलत परत आलो. मला हसू आवरत नव्हतं. तात्याही हसत होते. फाटकाशी येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो.

फाटकात ट्रक उभे होते. मिल उघडली होती ती भंगारवाल्यासाठी. साचे दोरखंडाने बांधून बाहेर ओढत आणत होते. एका साच्याच्या बगलेवर पांढऱ्या रंगात आकडा होता, तात्यांच्या चाळिसांतलाच एक, तो बघून तात्या पुढे झाले. ग्रीस वाळून पिवळं, खरवडासारखं झालं होतं. त्यांनी नखाने ते उचकटलं. खालचं लोखंड नव्यासारखं चमकलं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, जिभेवर टेकवलं, डोळे मिटले.

"खार नाय," म्हणाले. मग ओढणाऱ्या पोऱ्याला अभिमानाने दाखवलं, "बघ, टिपको नाय."

तो बिचारा घामाघूम झाला होता. "चाचा, बाजू हटो," म्हणाला, "भंगार में चमक का अलग से कुछ नहीं मिलता."

तात्या बाजूला झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. त्यांच्या अर्ध्या गालावर साबण वाळला होता आणि तो पुसायचं मला सुचलं नाही, याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या उतरले, पण बोट फिरवलं नाही. घासलेटची बादली घेतली आणि गाडीवरचं सगळं ग्रीस, सगळं तेल धुऊन टाकलं. ब्रेक उघडले, साफ केले, तीनदा तपासले. गाडी विकणार असं सगळ्यांनी धरलं. संध्याकाळी त्यांनी काकींना खालून हाक मारली.

"गे, पाठी बस."

काकींनी विचारलं, खय?

"वरळीक. सी-फेसार."

"थयलो वारो गाडीक सोसाचो नाय म्हणान तुमीच सांगतास."

"गंजांदे," तात्या म्हणाले. "ठेवन गंजण्यापेक्षा फिरान गंजांदे."

काकी नेसत्या पातळानिशीच मागे बसल्या. लग्नाला पंचवीसएक वर्षं झालेली ती दोघं भरतीच्या लाटा उडतात त्या कठड्यापाशी गेली आणि भिजून परत आली. गाडी रात्रभर तशीच ओली उभी होती. तात्यांनी पुसली नाही.

त्या आठवड्यापासून डबे गाडीवरून जायला लागले. स्टँडखालचे दोन धोटे तात्यांनी मागे दोन्ही बाजूंना बसवले आणि त्यांना पिशव्या अडकवल्या. एका शाकाहारी गिऱ्हाइकाने वरणाला मासळीचा वास येतो अशी तक्रार केली तेव्हा तात्यांनी डबा बदलला नाही, मडगार्ड पुन्हा एकदा धुतलं. दर शनिवारी मात्र डबे पोचवून झाले की काकींना घेऊन वरळी. मला म्हणायचे, मास्तरा, तू फळ्यावरचा सांगितलंस ता बरोबर होता, पण माका लोखंडान सांगूक व्हया होता.

तात्या गेले ते झोपेतच, मागच्या श्रावणात. महिन्याभराने काकींनी किल्ली माझ्या हातात ठेवली, तूच चालव म्हणाल्या. मी जिन्याखाली गेलो. गाडीवर एक म्हातारं मांजर होतं, त्याला उठवलं. हात जोडले, किक मारली, आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाली. मग बंद करून नीट पाहिली. मागच्या मडगार्डवर, काकी बसायच्या त्या बाजूला, तळहाताएवढा तांबूस गंज धरला होता. मी पानवाल्याकडून चांदीचा कागद आणला, पाण्यात भिजवला आणि घासायला बसलो.

काकी जिन्यावरून बघत होत्या. "रवांदे, मास्तर," म्हणाल्या. "तो आमचो वरळीचो गंज आसा."

मी कागद घडी करून खिशात ठेवला.